कोगनोळीपर्यंत सुखरूप

बायकोच्या भावाला नाही म्हणायचं असेल तर बायको घरात नसावी लागते. बुधवारी रात्री साडेनवाला मेहुण्याचा फोन आला, तेव्हा ती माझ्या शेजारीच बसून शेंगा सोलत होती.

"दाजी, झोपला नव्हता ना?"

साडेनवाला असं विचारणाऱ्याला काहीतरी हवं असतं, आणि आमच्याकडे कुणी मागावं असं एकच आहे : नऊ वर्षांची पांढरी वॅगन-आर. चार दिवस हवी होती. कोल्हापूरची अंबाबाई, तिथून नरसोबाची वाडी, त्याच्या सासूबाईंचा नवस. नवसाचं नाव निघाल्यावर बोलणार काय? तरी मी "बघतो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं फोनकडे वाकून "अरे, ने की!" म्हणून टाकलं.

गुरुवारी संध्याकाळी किल्ली देताना मी त्याला पार्किंगमध्ये अर्धा तास उभं केलं. दुसरा गिअर रुसतो, त्याला जोर करायचा नाही. डावीकडची मागची काच खाली करायची नाही, गेली की वर येत नाही. मागून खडखड ऐकू येईल, ती जुनीच आहे, दोन मेकॅनिक हरले तिच्यापुढे. खंबाटकीत एसी बंद. बायको गॅलरीतून ऐकत होती. वर आल्यावर म्हणाली, "माझ्या लग्नात बाबा तुमच्याशी एवढं बोलले नव्हते."

शुक्रवारी सकाळी मी वनाझला मेट्रोत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा! या मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा खड्डे चुकवत मी त्यांच्या शेजारून गाडी काढली, मार्च 2022मध्ये गरवारे कॉलेजपर्यंत ती धावायला लागली तेव्हा तिच्या खालून काढली, पुढे ती रामवाडीपर्यंत गेली तरी मी खालीच. वरून पाहिलं तर कर्वे रस्त्याला चक्क झाडं आहेत. खालून मला फक्त पुढच्या गाडीचा नंबर दिसायचा. डेक्कनच्या स्टेशनावर पगडीसारखं छत आहे म्हणतात, ते बघायला मान वर केली, तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

फास्टॅग! खेड शिवापूर, 7 वाजून 48 मिनिटं, अमुक रुपये वजा.

टॅग माझ्या नावावर, मोबाइल नंबर माझा, खातं माझं, म्हणजे निरोपही मलाच येणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके लागतात. चारही नाक्यांवरून गाडी मला खुशाली कळवणार होती. ऑफिसात मी फोन उताणा ठेवून बसलो. आनेवाडी आलं, म्हणजे खंबाटकी चढली बिचारी. तासवडे मात्र येईना. साताऱ्यात कंदी पेढे घेत असतील, असं मी मनाला समजावलं. किणीचा निरोप आला तेव्हा मिटिंग चालू होती. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो साहेबांना आपल्या प्रस्तावावरचा वाटला.

त्यातच संध्याकाळी टॅगमधली शिल्लक कमी झाल्याचा निरोप आला. गाडी दुसऱ्याकडे, पेट्रोल त्याचं, नवस त्याच्या सासूचा, आणि मी वनाझच्या जिन्यात उभा राहून 500 रुपये भरतोय. नाक्यावर आपली गाडी अडकलेली बघवत नाही हो माणसाला. तशी ती मला दिसणार नव्हती, हे खरं.

बाकी दिवस बरे गेले म्हणायचे. रिक्षात मागे बसूनही प्रत्येक सिग्नलला माझा उजवा पाय खाली दाबला जायचा. ऑफिसच्या वॉचमननं मला फाटकावर अडवलं. सहा वर्षं तो सलाम नक्की कुणाला करत होता, ते त्या दिवशी कळलं. शनिवारी दहा किलोचं दळण खांद्यावरून आणताना तीन जणांनी विचारलं, "गाडी विकली?" तिसऱ्याच्या आवाजात सहानुभूती होती. रविवारपर्यंत सोसायटीत माझ्यावर कर्जही झालं होतं.

आणि त्याच रविवारी दुपारी फोन थरथरला : कोगनोळी.

कोगनोळी म्हणजे कागलच्या पुढे, निपाणीच्या अलीकडे. कर्नाटक! कोल्हापूरहून वाडीला जायला राज्य ओलांडावं लागत नाही. मी लगेच फोन लावला.

"काय रे, निपाणीकडे कुठे निघालास?"

पलीकडे शांतता. मग बारीक आवाजात, "दाजी, तुम्हाला कसं कळलं?"

"वाटलं आपलं."

गोकाकचा धबधबा बघायला निघाले होते. मे महिन्यात! टॅगचं मी त्याला सांगितलं नाही, आजतागायत नाही. तेव्हापासून तो माझ्याशी जरा वाकून बोलतो, आणि त्याच्या सासूबाई मला अंतर्ज्ञानी समजतात.

परतीचे निरोप उलट्या क्रमानं आले. सोमवारी रात्री जेवताना मी जाहीर केलं, "खेड शिवापूरला पोचली."

"पोचले म्हणा," बायको म्हणाली. "माझा भाऊपण आहे गाडीत."

तासाभरानं तो आला. धुतलेली गाडी, अर्धी टाकी पेट्रोल, हातात गोकाकच्या करदंटाचा डबा. "पाणी नव्हतं दाजी, पण खडक मस्त दिसतात." मी गाडीत बसलो तर पाय क्लचपर्यंत पोचेनात आणि आरशात नुसतं आकाश. तो सहा फुटी आहे. सीट पुढे ओढून मी सोसायटीभोवती एक चक्कर मारली आणि चमकलो. काहीतरी चुकत होतं.

"खडखड कुठे गेली?"

"ती होय? डिकीतला जॅक सैल होता. खाली फडकं कोंबलं."

दोन मेकॅनिकना मिळून मी साडेतीन हजार दिले होते. मी काहीच बोललो नाही. अंतर्ज्ञानी माणसाला हे माहीत असायला हवं होतं.

गाडी जागेवर लावायला गेलो, तर रिकामी जागा बघून तळमजल्याच्या काकूंनी तिथे प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या होत्या. "अजून ओल्या आहेत हो," त्या खिडकीतून म्हणाल्या. "दोन दिवस लागतील. तुम्ही गाडी विकली ना?"

गाडी रस्त्यावर लावली. मंगळवारी सकाळी वनाझला मी खिडकीजवळची जागा धरली. पगडी अजून नीट बघायची राहिली होती.