मनाली, व्हाया दिवा

आमच्या डब्यात त्याचं खरं नाव विचारलंत तर चौघं एकमेकांकडे बघतील आणि पाचवा खिडकीबाहेर. मागच्या मे महिन्यापासून तो ‘मनाली’ होता. त्याआधी ‘मुन्नार’, आणि त्याच्याही आधी ‘अंदमान’. ज्या गावाला जाऊन तो प्रेमात पडून येतो, ते गाव त्याला चिकटतं, पुढच्या सहलीपर्यंत. ऑफिसच्या पगारपत्रकावर काही वेगळं नाव असणारच, पण डोंबिवली फास्टमध्ये पगारपत्रक कोण बघतो?

गाडीची वेळ सांगत नाही. चौथ्या सीटवर आधीच मारामारी आहे.

वय 38. राहणार डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, लिफ्ट नाही, घरात आई. नोकरी फोर्टात. म्हणजे सकाळी पावणेआठला घर सोडायचं आणि रात्री साडेआठला मेथीची जुडी घेऊन परत यायचं. या धबडग्यात प्रेमात पडायचं कधी आणि कुठे? डोंबिवली स्टेशनच्या पुलावर रोज शे-दोनशे माणसं खांदा घासून जातात, त्यांतल्या एकाचाही चेहरा रिक्षाच्या रांगेपर्यंत लक्षात राहत नाही. मग हा माणूस रजा साठवतो तसं प्रेमही साठवत जातो आणि मे महिन्यात दोन्ही एकदम घेतो. अशी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. फक्त बाकीचे परत आल्यावर बोलत नाहीत. हा कुर्ल्यापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो.

घरी पाण्याचा पेला न उचलणारा हा गृहस्थ सहलीत तीन-तीन काकूंच्या बॅगा उचलतो. बसमध्ये अंताक्षरीला पहिला आवाज याचा. हिमाचलात सकाळी सहाला पोहे आणि रात्री श्रीखंडपुरी वाढणाऱ्या त्या मराठी सहलींत सगळं यथासांग असतं, एक तरुण मुलगा तेवढा कमी असतो. ती जागा हा भरून काढतो. थंडीत अंगावर आईने विणलेला स्वेटर असतो, त्यामुळे काकूंचं मत पहिल्याच दिवशी पक्कं होतं. तिसऱ्या रात्री शेकोटीभोवती कुणीतरी विचारतंच, “लग्न का नाही केलंस रे?” आणि मग पत्रीपूल निघतो.

पत्रीपुलाची कथा आम्हाला तोंडपाठ आहे. 2017 च्या दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर, गणपतीच्या देवळासमोरच्या त्या सजलेल्या गर्दीत, त्याला कल्याणची एक मुलगी भेटली. (सहलीखेरीज तो प्रेमात पडला तो एवढा एकदाच. अर्थात फडके रोडची दिवाळी ही डोंबिवलीकरांची बिनखर्चाची सहलच.) ती राहायची कल्याण पश्चिमेला. प्रेमाला लोकल शोभत नाही म्हणून याने हप्त्यावर स्कूटर घेतली. वर्षभर बरं चाललं. मग नोव्हेंबर 2018 मध्ये वाटेवरचा 104 वर्षांचा जुना पत्रीपूल धोकादायक म्हणून पाडला आणि सगळी वाहतूक शेजारच्या पुलावर आली. त्या कोंडीत याची स्कूटर तासतासभर उभी. तीही उभी, पलीकडे. नवा पूल जानेवारी 2021 मध्ये खुला झाला, तोवर तिचं लग्न होऊन गेलं होतं. तेही लॉकडाउनमध्ये, 50 माणसांच्या मर्यादेत. “मी एक्कावन्नावा होतो,” असं म्हणून तो थांबतो. इथे शेकोटीभोवतीच्या काकू डोळे पुसतात.

आमच्या ग्रुपमध्ये कुणी डोळे पुसत नाही. एकदा आमच्यातल्या टाळवाल्या बुवांनी शांतपणे विचारलं, “अरे, पण डोंबिवली आणि कल्याणच्या मध्ये फक्त ठाकुर्ली आहे. दहा मिनिटं लागतात. गाडीने का नाही गेलास?” त्यावर तो घाटकोपरपर्यंत गप्प होता. मला वाटतं, ती मुलगी त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा सोडून गेली.

तर मनाली. सहलीच्या बसमध्ये रोज सीट बदलतात, कालचे पुढचे आज मागे. चौथ्या दिवशी या सरकासरकीत याच्या शेजारी ठाण्याच्या एक बाई आल्या. वय 36, घाटकोपरला नोकरी, बोलणं मोजकं. बस अटल बोगद्यात शिरली. समुद्रसपाटीपासून 10,000 फुटांवर 9 किलोमीटरचा अंधार-उजेड, बाहेर आल्यावर एकदम लाहौलचा बर्फ, आणि हा म्हणाला, “आमचा पारसिकचा बोगदा याच्यापुढे काहीच नाही.” त्या हसल्या. एवढ्यावर पुढचे चार दिवस निघाले. हिडिंबेच्या देवळात दोघांचा फोटो एका काकूंनी काढला आणि तो सहलीच्या ग्रुपवर टाकून खाली नमस्काराचे सहा हात जोडले.

सहलीतल्या अशा प्रेमाला शास्त्राधार आहे. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडात कॅपिलानो नदीवर एक उंच, हलणारा झुलता पूल आहे. त्यावरच्या पुरुषांना एका तरुणीने काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. हेच जवळच्या एका भक्कम, बुटक्या पुलावरही केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला, भक्कम पुलावरच्या 16 जणांपैकी फक्त 2 जणांनी. भीतीने धडधडणाऱ्या काळजाला वाटतं की आपण प्रेमाने धडधडतोय. मी हे त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “काका, मग आपल्या स्टेशनच्या पुलावर रोज संध्याकाळी एवढी धडधड होते, तिथे कुणी का नाही प्रेमात पडत?” डटनसाहेबांकडे याचं उत्तर असेल असं वाटत नाही.

परत आल्यावर खरी सहल सुरू झाली. पहिला प्रश्न भूगोलाचा. बाई ठाण्याच्या, असं तो सांगायचा. पण ठाणे म्हणजे कुठलं ठाणे? घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे राहणारा माणूसही “ठाण्यात राहतो” असंच सांगतो आणि स्टेशनपासून घरी जाताना मेट्रोचे खांब मोजत तास काढतो. दुसरा प्रश्न जातीचा, म्हणजे रेल्वेतल्या. ठाण्याला उतरणारा डोंबिवली फास्टमध्ये चढला की न बोलावता पंक्तीला बसल्यासारखं सगळे त्याच्याकडे बघतात. त्याला ठाणे लोकल आहे ना? मग? (कर्जत-कसाऱ्याचे लोक आमच्याबद्दल नेमकं हेच बोलतात, ते सोडा.) 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यापर्यंतच गेली होती, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. तेव्हापासून ठाणेकरांना वाटतं की पुढचा प्रवास उगाच वाढवला.

पहिले रविवार छान गेले. तलावपाळीला एक फेरी, गडकरी रंगायतनच्या बाहेर थोडं उभं राहणं, मग मामलेदारची मिसळ. याने शौर्य दाखवायला तिखट मागवली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. त्यांना वाटलं, पत्रीपूल आठवला. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला, आणि मग मसुंद्याच्या कठड्यावर बसून स्वतःचं सांगितलं. दोन वाक्यांत. साखरपुडा झाला होता, तो सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेला, दर महिन्याला व्हिसा अडकायचा. दीड वर्षाने तिकडच्या लग्नाचे फोटो आले.

“मग तू काय म्हणालास?” आम्ही विचारलं.

“काही नाही. मला पहिल्यांदाच काही सुचलं नाही.”

आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाने त्या दिवशी टाळ जरा हळू वाजवले.

पण रविवार सातांतला एक. बुधवारी साडेसहाला ठाण्याला भेटायचं ठरायचं आणि हा पावणेआठला उगवायचा. कधी सिग्नल बंद, कधी ओव्हरहेड वायर, कधी साहेबांनी थांबवलेलं. हा फोन करायचा, “गाडी अडकलीय.” आणि पलीकडे एकदम शांतता. याला कळेना की खऱ्या कारणावर माणूस एवढं का चिडतो. बुवांनीच फोड करून सांगितली, “अरे बाबा, तिने दीड वर्ष ‘व्हिसा अडकलाय’ ऐकलंय. तिला तुझी गाडी अडकलेली ऐकू येत नाही, तिला अडकणं ऐकू येतं.” बुवा बँकेतून निवृत्त व्हायला आले आहेत, कर्ज बुडवणाऱ्यांची कारणं ऐकून कान तयार झालाय.

तिकडे बाईंचीही तक्रार होती आणि तीही खोटी नव्हती. मनालीत पहाटे पाचला उठून सूर्योदय दाखवणारा हा इथे आठ वाजता गळ्यात बॅग अडकवून यायचा, अंताक्षरीतला आवाज दादरलाच सांडून. एकदा तर उपवनच्या बाकावर, त्या बोलत असताना, झोपला. उभ्याने झोपायची सवय असलेल्या माणसाला बाक मिळाल्यावर दुसरं काय होणार? त्या म्हणाल्या, “मला वाटतं, तो मनालीतला वेगळा होता.” हा म्हणाला, “तुम्हीपण.” झालं. बारा दिवस फोन नाही. आम्ही मनात पुढच्या गावाची नावं काढायला लागलो. दार्जिलिंग जरा लांब पडतं बोलायला, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

तेराव्या दिवशी याने हाफ डे टाकला. का, ते तेव्हा कळलं नाही. लवकर निघाला, तरी ठाण्याला उतरायला भायखळ्यापासून दाराकडे सरकत राहिला, डोंबिवलीकरांच्या शिव्या खाल्ल्या, उतरला आणि बाईंच्या नेहमीच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभा राहिला. एक गाडी गेली, दुसरी गेली. बाई नाहीत. दीड तासाने फोन वाजला.

“मी डोंबिवलीला आहे,” त्या म्हणाल्या. “घाटकोपरला तुमच्या फास्टमध्ये चढले. बायकांनी ठाणं आल्यावर उतर उतर म्हणून ढकललं, उतरले नाही. हे रोज करता तुम्ही?”

“मी ठाण्याला आहे,” हा म्हणाला.

मग दोघांचं भांडण. मीच येतो. नको, मीच येते. थांबा तिथेच. तुम्ही थांबा. शेवटी तोडगा निघाला तो दिवा. हा ठाण्याहून कळवा-मुंब्रा करत डाऊन स्लोला लोंबकळत. त्या डोंबिवलीहून कोपर करून अप स्लोमध्ये, खिडकीत बसून, वारा खात. जगात दोन माणसांनी भेटायच्या खूप जागा असतील, पण संध्याकाळी सव्वासातला दिवा स्टेशन त्यांत कुणी धरत नाही. बसायला बाक नाही, होता तो भरलेला. बोललेलं ऐकू येत नाही. दोघांनी उभ्याने एकेक वडापाव खाल्ला, मग परतीच्या तीन गाड्या सोडल्या. पहिल्या दोन चढता येईनात म्हणून. तिसरीत चढता आलं असतं, असं त्याने आम्हाला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात शिरला तेव्हा उजव्या बुटाची टाच निघालेली होती.

“काय रे,” बुवा म्हणाले, “काय दिवे लावलेस काल?”

“एकच,” तो म्हणाला आणि चौथ्या सीटवर अर्धा टेकला.

तेव्हापासून तो आमच्यात ‘दिवा’ आहे. येत्या मे महिन्यात कुठली सहल, म्हणून परवा विचारलं, तर म्हणतो, कुठे जाणार काका, रजाच शिल्लक नाही, सगळ्या हाफ डेमध्ये गेल्या.