बासरी सध्या दुरुस्तीला आहे

ग्वाल्हेर, किराणा, आग्रा ही घराणी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण ज्याचे साधक महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात आणि नोकरीतल्या बदल्यांच्या कृपेने आता देशभर पसरले आहेत, त्या डागडुजी घराण्याची दखल अजून कुठल्याही ग्रंथाने घेतलेली नाही. या घराण्याचा साधक वाद्य वाजवत नाही. वाद्य दुरुस्त करावं की नवं घ्यावं, याचं चिंतन करतो. पेटीवाल्याला भात्याची चिंता, तबलेवाल्याला शाईची, तंबोरेवाल्याला जवारीची. खरी कसोटी लागते ती बासरीवाल्याची. एक बांबू, त्याला भोकं, एका टोकाला बूच. ना तार, ना चामडं, ना खुंटी. एवढ्या भांडवलावर वर्षानुवर्षं चिंता चालवायची तर अंगात काही असावं लागतं.

ते अंगात पुरेपूर असलेले एक गृहस्थ मला भेटले मलिहाबादला. लखनौपासून पंचवीसेक किलोमीटर, हरदोईच्या रस्त्यावरचं हे दशहरी आंब्याचं गाव. तिथल्या एका बँकेत ते मॅनेजर होते आणि मूळचे रत्नागिरीचे. बढती हवी तर परराज्यात जा, हा बँकेचा शिरस्ता त्यांना मान्य होता. पण रत्नागिरीच्या माणसाला थेट दशहरीच्या दरबारात धाडण्यामागे वरच्या कोणाचा तरी खवचटपणा असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पहिल्याच जूनमध्ये बागवानांनी घरी पेट्या आणून टाकल्या. साहेबांनी एक दशहरी चोखला, कोय बशीत ठेवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "बरा आहे." रत्नागिरीकराने परक्या आंब्याला याहून मोठं प्रशस्तिपत्र दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्यांच्या सामानात बासरी होती. पांढरी तीनची, पाऊण मीटर लांब, नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली. रत्नागिरीत असताना तिला फक्त पावसाळ्यात बुरशी यायची. ती पुसण्यात साहेबांचे चार महिने जात आणि उरलेले आठ महिने पुढच्या बुरशीच्या धास्तीत. मलिहाबादच्या पहिल्या मे महिन्यात लू सुटली. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा तो कोरडा वारा बांबूतला उरलासुरला ओलावा शोषून घेतो. बांबू सुकताना लांबीत फारसा आटत नाही, घेरात आटतो. म्हणून तो फुटतो तो उभा. फुंकीच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर दुसऱ्या भोकाच्या अलीकडे येऊन थांबली होती. समोरून दिसायची नाही. बासरी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून हळूहळू फिरवली की एका कोनात ती क्षणभर चमकायची, आणि साहेब "दिसली? दिसली?" असं विचारायचे. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम यायला हवा. तिथे नुसता वारा यायचा. चिरेवर ओला अंगठा दाबून धरला की पंचम यायचा, पण मग तो अंगठा बासरी धरायला उरायचा नाही.

इथून पुढे साहेबांच्या आयुष्याला खरा अर्थ आला. त्यांनी फाईल उघडली. अक्षरशः उघडली, पुठ्ठ्याची, नाडीची. डाव्या बाजूला दुरुस्ती, उजव्या बाजूला नवी खरेदी. घसारा धरून जुन्या बासरीची पुस्तकी किंमत एक रुपयावर आली होती. एक रुपयाच्या मालमत्तेवर दुरुस्तीचा खर्च मंजूर करणं बँकेच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण नवी घ्यायची तर जुनी 'राइट ऑफ' करावी लागणार, आणि त्या कागदावर सही करायला साहेबांचा हात धजेना. हप्ता नव्वद दिवस थकला की कोणाचंही कर्ज अनुत्पादित ठरवणारा हा माणूस! त्यांच्या बासरीने कित्येक वर्षांत एक राग उतरवला नव्हता, पण तिच्या खात्यावर लाल शेरा मारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

सल्ले भरपूर येत होते. हेडकॅशियर मूळचा पीलीभीतचा. पीलीभीत म्हणजे बासरीचं गाव. आसामकडून बांबू यायचा आणि तिथल्या गल्ल्यांतून कारागीर पिढ्यान्पिढ्या तापलेल्या सळीने त्याला भोकं पाडत बसलेले. जत्रेत फुगेवाल्याच्या काठीला टांगलेल्या बासऱ्याही बऱ्याचदा तिथल्याच. तो सहज म्हणाला, "साहब, घर जा रहा हूँ, दर्जन भर ले आऊँ?" साहेब दुखावले ते 'दर्जन' या हिशेबाने. केळ्यांचा भाव बासरीला लावणाऱ्या माणसाशी त्यांनी आठवडाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. घरात वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, एक तर नवी घ्या, नाहीतर हिला धाग्याने बांधा. कपाटात ती आहे म्हणून मला साड्या आडव्या ठेवाव्या लागतात."

"अगं, घाईने झालं असतं तर केव्हाच केलं असतं," साहेब म्हणाले.

गंमत अशी की अख्ख्या मलिहाबादपुढे त्या वेळी हाच प्रश्न होता, फक्त बांबूऐवजी आंब्याचा. आजोबा-पणजोबांच्या हातच्या बागा. झाडं इतकी वाढलेली की फांद्या एकमेकींत गुंतल्या, खाली ऊन पोचेना, आणि मोहोर फक्त शेंड्याला. जवळच रहमानखेड्याला केंद्र सरकारची उपोष्ण फळबाग संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ सांगतात, झाड तोडू नका, त्याचा जीर्णोद्धार करा. डिसेंबर-जानेवारीत मुख्य फांद्या करवतीने छाटा, कापलेल्या जागी बुरशीनाशकाचा लेप द्या, फुटतील त्या कोंबांतले मोजके ठेवा. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा फळाला येतं. हे सगळं ऐकून बागवान मान डोलवतो, घरी जातो, करवत हातात घेतो आणि झाडाकडे बघत उभा राहतो.

अशा बागवानांना साहेब कर्ज द्यायचे आणि कर्जासोबत व्याख्यान. खाँसाहेब म्हटलं की आपल्याकडे गवई डोळ्यांपुढे येतो. मलिहाबादेत अफ्रिदी पठाणांची जुनी वस्ती, तिथे खाँसाहेब म्हणजे बागवान. असेच एक वयस्क खाँसाहेब एकदा समोर बसले होते. साहेब रंगात आले होते. भावना बाजूला ठेवा, उत्पन्न बघा, जुन्याचा मोह धरू नका, निर्णय लांबवला की नुकसान वाढतं. खाँसाहेब अदबीने ऐकत होते. "दादा के हाथ का दरख़्त है, साहब," एवढंच मध्ये म्हणाले. मग त्यांची नजर टेबलावर गेली. फायलींच्या चळतीवर, पेपरवेटने दाबलेली, बासरी.

"और ये?" त्यांनी विचारलं.

"इसका केस अलग है," साहेब म्हणाले आणि घंटी वाजवून चहा मागवला.

मलिहाबादचेच हाजी कलीमुल्ला खान. एकाच झाडावर तीनशेहून जास्त जातींचे आंबे त्यांनी कलमांनी चढवले, 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातून कोणी पाहुणे आले की साहेब ते झाड दाखवायला आवर्जून नेत. पण बघणाऱ्याने त्यातून काय घ्यावं, हे बघणाऱ्यावर असतं. साहेबांनी घेतलं ते असं, की जुन्या खोडावर नवी फांदी जगते, तर जुन्या बासरीवर नवा बांबू का नाही? पुढचे दोन महिने फाईलमध्ये तिसरा रकाना आला, 'कलम'. बासरी मधोमध कापून जोडीची करायची, इथवर रेखाटनं झाली. कापायच्या आदल्या दिवशी त्यांना ताप आला, आणि बासरी वाचली.

तोवर चिरेपलीकडे आणखी एक दोष हाती लागला होता. बासरी बेसूर होती. साहेबांनी मोबाइलवरच्या सूर तपासायच्या यंत्रावर नोंदी ठेवल्या होत्या. पहाटे सहाला षड्ज ठीक. सकाळी दहाला किंचित चढा. दुपारी दोनला बराच चढा. ती वही त्यांनी मला दाखवली. मी म्हटलं, यात बासरीचा काय दोष? हवा तापली की तिच्यातून ध्वनी जास्त वेगाने जातो, आणि नळीतल्या हवेचा सूर चढतो. ही बासरीची वही नाही, हवामान खात्याची आहे. साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. बासरी निर्दोष ठरवून मी त्यांचं केवढं नुसकान केलं, ते मला तेव्हा कळलं. चीर होती तोवर ते बासरीवादक होते, ज्यांची बासरी दुर्दैवाने दुरुस्तीला आली आहे. बासरी धड निघाली तर उरतो तो नुसता रियाज, आणि रियाजाला पहाटे उठावं लागतं.

शेवटी वहिनींनीच ती लखनौच्या बाजारात एका वाद्यवाल्याकडे नेली, साहेब मागून. दुकानदाराने बासरी बोटांवर फिरवली, रबराच्या पट्टीने आवळून चीर मिटवली, तिच्यावर फेविक्विकचे थेंब ओढले. मग नायलॉनच्या दोऱ्याचा फास बांबूवर आडवा ठेवून त्यावरून घट्ट वेढे दिले, दोऱ्याचं टोक फासात अडकवलं आणि दुसऱ्या बाजूने खसकन ओढलं. टोक वेढ्यांखाली गडप झालं. गाठ म्हणून नाही. अशा तीन जागी. "बांस है साहब, मौसम के साथ चलेगा ही," म्हणत त्याने आतून सरसोंच्या तेलाचा बोळा फिरवला आणि तपासायला म्हणून ओठाला लावली. पहाडी. मंद्र पंचम असा भरून आला की शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन उभा राहिला. सगळा खर्च चहा-समोशाइतका. वहिनी खूश. साहेब मात्र परतीच्या वाटेवर काकोरीपर्यंत गप्प होते. तिथे म्हणाले, "वाजली, पण तिचा मूळ आवाज गेला."

म्हणून नवीही घेतली. ती घरी आली तेव्हा कळलं की नव्या बांबूला मुरायला वेळ लागतो.

त्याच वर्षी लखनौतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात साहेबांचं बासरीवादन जाहीर झालं. मंचावर पांढरी गादी, दोन्ही बासऱ्या शेजारी शेजारी. साहेबांनी आधी दोन शब्द बोलण्याची परवानगी मागितली. पन्नालाल घोषांनी लांब बासरी शास्त्रीय मैफलीत कशी आणली, तीव्र मध्यमासाठी सातवं भोक कसं पाडलं, हे सांगितलं. मग लखनौ आणि मराठी माणूस: 1926 साली भातखंड्यांनी इथे उभं केलेलं मॅरिस कॉलेज, तिथे रातंजनकरांनी घडवलेल्या पिढ्या. तिथून बांबू, आसाम, पीलीभीत, लू, चीर, दोऱ्याचे वेढे. श्रोते खरोखर रमले. एका आजींनी दोऱ्याच्या गाठीबद्दल प्रश्नही विचारला. उत्तर संपेस्तोवर आरतीची वेळ झाली, आणि कोणीतरी झांजा वाजवल्या.

आरतीनंतर मंडळाने सगळ्या कलाकारांना शाल-श्रीफळ दिलं. साहेबांच्या प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट बासरीवादनाबद्दल' असं आधीच छापलेलं होतं, ते त्यांनी निर्विकारपणे स्वीकारलं. गाडीत बसताना वहिनींनी नारळ हातात तोलून पाहिला.

"अहो, हा उद्या फोडायचा, की रुजत घालायचा?"

"बघू," साहेब म्हणाले. "त्याला थोडं अभ्यासावं लागेल."