माननीय प्रथम पसंतीक्रम यांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय प्रथम पसंतीक्रम,
इयत्ता अकरावी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अर्ज, भाग दोन, रकाना क्रमांक एक.

विषय : माननीयांचे अधिकार, त्यांची निवड आणि त्यांना मिळणारा मान यांबाबत.

महोदय,

मुंबईत 2009 पासून रुजलेली आणि 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण महाराष्ट्राला लागू झालेली अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया विद्यार्थ्याकडून दोन भागांत अर्ज भरून घेते. पहिल्या भागात त्याचे नाव, गुण, प्रवर्ग अशी त्याला बदलता न येणारी माहिती असते, तर दुसऱ्या भागात त्याला हवी असलेली महाविद्यालये, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा, उतरत्या क्रमाने लिहावी लागतात. या क्रमाला पसंतीक्रम म्हणतात आणि त्याच्या शिरोभागी माननीय विराजमान असतात. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचे पसंतीक्रम केवळ विनंती करतात, कारण त्यांपैकी एखादे महाविद्यालय मिळाले तरी विद्यार्थी ते नाकारून पुढील फेरीची वाट पाहू शकतो. माननीय मात्र थेट हुकूम सोडतात. त्यांच्या नावावरील महाविद्यालय मिळाले की तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते आणि न घेणाऱ्यास पुढच्या नियमित फेऱ्यांची दारे बंद होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एकदा व्यक्त केलेल्या आवडीला इतक्या गांभीर्याने घेणारी दुसरी व्यवस्था या राज्यात आढळत नाही. घरात तर नाहीच नाही.

माननीयांची निवड विद्यार्थी करतो, असे माहितीपुस्तिका मानते. प्रत्यक्षात ती गतवर्षीचा कट-ऑफ करतो. कट-ऑफ म्हणजे एखाद्या फेरीत, एखाद्या प्रवर्गातून, त्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण. तेथे अध्यापक कसे शिकवतात, प्रयोगशाळेत उपकरणे पुरेशी आहेत की नाहीत, ग्रंथालय किती वाजता बंद होते, यांपैकी कशाचाही बोध या आकड्यातून होत नाही; गेल्या वर्षी तेथे किती गुणवंतांनी गर्दी केली एवढेच त्यातून कळते, आणि त्या गुणवंतांनी ती गर्दी त्याआधीच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून केलेली असते. त्यातच दहावीच्या सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढण्याची पद्धत, म्हणजे बेस्ट ऑफ फाइव्ह, आणि कला-क्रीडेचे वाढीव गुण यांमुळे काहींची टक्केवारी थेट शंभरावर जाऊन टेकते. परिणामी नव्वदीच्या वरच्या अरुंद पट्टीत मुले दाटीवाटीने उभी राहतात आणि दशांश चिन्हापुढच्या एका अंकाने महाविद्यालय बदलते. उरलेसुरले मार्गदर्शन क्लासचे सर, आत्याचे यजमान आणि सोसायटीतील बारावी झालेला दादा करतात. विद्यार्थ्याकडे लॉगिनचा पासवर्ड असतो, असे समजते. तोही बहुधा वडिलांच्या मोबाइलवर.

माननीयांच्या शास्त्रीय कुळाचाही येथे आदरपूर्वक उल्लेख करणे आवश्यक आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 साली महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहजुळणी यांवर एकत्रित निबंध लिहून दोन्हींकडच्या पसंतीक्रमांतून स्थिर जुळणी कशी साधावी हे दाखवले, आणि याच विषयातील कार्यासाठी शॅप्ली यांना अॅल्विन रॉथ यांच्यासह 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जुळणीचा प्रस्ताव विद्यार्थ्यांच्या बाजूने मांडला जात असेल आणि यादीला मर्यादा नसेल, तर मनातला क्रम खराखुरा लिहिणे हेच विद्यार्थ्याच्या हिताचे ठरते, असे या सिद्धान्तावर पुढे झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. मात्र यादी दहावर थांबली की प्रत्येक जागा जपून खर्चावी लागते, आणि मग पसंतीक्रम आवड सांगण्याऐवजी अंदाज बांधू लागतो. ज्या घरात पदविका की अकरावी, विज्ञान की वाणिज्य हे अद्याप ठरलेले नसते, तेथील चतुर पालक तर माननीयांच्या गादीवर जाणूनबुजून आवाक्याबाहेरचे महाविद्यालय बसवतात, जेणेकरून ते मिळू नये आणि कोणतेही बंधन गळ्यात पडू नये. ज्या पदाला सर्वाधिक अधिकार त्याच पदावर सर्वात कमी शक्यतेचा उमेदवार, अशी ही नियुक्ती माननीयांच्या प्रतिष्ठेस शोभणारी आहे काय, याचा विचार व्हावा. अभियांत्रिकीच्या प्रवेशात तर हा अधिकार आता एकट्या माननीयांपुरता उरलेला नाही. तेथे पहिल्या फेरीत एक, दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पसंतीक्रम बंधनकारक मानले जाऊ लागले आहेत.

सर्वात मनोज्ञ भाग मात्र प्रवेश निश्चित झाल्यानंतर सुरू होतो. एवढ्या मंथनातून हाती आलेल्या महाविद्यालयात विज्ञान शाखेचे अनेक विद्यार्थी फारसे जातच नाहीत. कनिष्ठ महाविद्यालय आणि खासगी क्लास यांच्या परस्पर समझोत्याला टाय-अप किंवा इंटिग्रेटेड असे भारदस्त नाव आहे. त्यात विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी क्लासच्या बाकावर असतो, आणि दोघांची भेट प्रात्यक्षिक परीक्षेला किंवा बारावीचा अर्ज भरताना होते. शासनाने 2018 मध्ये यावर उपाय म्हणून विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, म्हणजे अंगठ्याने तरी महाविद्यालय पाहावे, अशी माफक अपेक्षा ठेवली. ज्या वास्तूत राहायचेच नाही तिच्या दारासाठी दशांश अंकांची ही लढाई कशासाठी, याचे उत्तर माननीयांनी कोणत्याही फेरीत दिलेले नाही.

जे खरोखर जातात, त्यांच्याविषयीही माननीय मौन बाळगतात. बीड किंवा परभणीहून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाआधी कॉट बेसिसची खोली शोधावी लागते. कॉट बेसिस म्हणजे खोली नव्हे तर तिच्यातील एका खाटेपुरती जागा भाड्याने घेणे. मेसचा डबा अंगवळणी पडायला वेळ लागतो, गावाकडच्या बोलीवर वर्गात पिकलेला हशा विसरायला त्याहून अधिक, आणि मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीतले भौतिकशास्त्र उतरवून घेणाऱ्याची पहिली सहामाही शब्दांशी झुंजण्यातच सरते. अंतर, खर्च आणि माध्यम यांच्यासाठी पसंतीक्रमाच्या शेजारी एकही रकाना नाही. उलटपक्षी सातव्या पसंतीचे, घरापासून सायकलच्या अंतरावरचे महाविद्यालय मिळालेला विद्यार्थी तेथे बरा रमतो, परंतु नातेवाइकांनी विचारले असता महाविद्यालयाचे नाव सांगण्याआधी आपला कट-ऑफ किती थोडक्यात हुकला हे सांगण्याची त्याला सवय लागते.

सबब, माननीयांच्या नावासमोर ‘कोणाच्या सांगण्यावरून’ असा एक अनिवार्य रकाना जोडण्यात यावा आणि तो भरल्याशिवाय अर्ज लॉक होऊ नये, ही नम्र विनंती.

कळावे,
सर्व फेऱ्यांतील प्रतीक्षेत असलेल्यांच्या वतीने.

प्रत माहितीसाठी : पसंतीक्रम दोन ते दहा (कार्यवाहीची अपेक्षा नाही).