डबा घेऊन चालता येईल तेवढी रीच

माननीय सोशल मीडिया सल्लागार यांस,



आपण आमच्या कसबा पेठेतल्या पिठाच्या गिरणीला 'ब्रँड' केलंत, त्याबद्दल आधी आभार. इतकी वर्षं आम्ही तिला गिरणीच समजत होतो. आपण दिलेलं 'कंटेंट कॅलेंडर' चक्कीच्या स्विचशेजारी चिकटवलं आहे. रोज एक रील, दोन स्टोऱ्या, सोमवारी 'मंडे मोटिव्हेशन'. सोमवारी आमच्या दारात डब्यांची रांग पायरीखाली उतरलेली असते, मोटिव्हेशनला उभं राहायला जागा नसते. जूनच्या पहिल्या शुक्रवारी आपण 'डोनट डे' लिहिला आहे. दगडी चक्कीत मैदा होत नाही, हे आपल्या कानावर घालायचं राहून गेलं होतं.

पहिल्या रीलसाठी आपण मला ओंजळभर पीठ दिव्याच्या झोतात उधळायला लावलंत आणि ते संथ गतीत टिपलंत. दृश्य देखणं होतं, यात वाद नाही. पण पिठाची धूळ बंद जागेत दाट झाली की एका ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणूनच गिरणीत कुणाला विडी पेटवू देत नाहीत. आपण तिथे तापलेला हॅलोजन लावून पीठ उडवलंत. गिरणी खरोखर 'फायर' झाली असती, तर व्ह्यूज मात्र बरे मिळाले असते.

त्यावर आपण लावलेलं सिनेमातलं गाणं दुसऱ्याच दिवशी गप्प झालं. व्यावसायिक खात्याला गाजलेली बहुतेक गाणी वापरता येत नाहीत, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असेल असा माझा समज होता. आता मी तिथे आवाजाविना हात हलवताना दिसतो. समोरच्या वाण्याने 'तब्येत बरी आहे ना?' म्हणून चौकशी केली.

तरी रील चालली, हे मान्य. पाटण्याहून 'रेट?' आला, इंदूरहून 'डिलिव्हरी है क्या?' आला. आपण म्हणालात, 'काका, रीच बघा!' बघितली. पण दळणाच्या धंद्याची रीच म्हणजे भरलेला डबा हातात धरून माणूस जेवढं चालू शकतो तेवढी. कुणी सायकलच्या कॅरिअरला लावतो, कुणी स्कूटरच्या पायाशी ठेवतो, म्हणून फार तर दोन पेठा पलीकडे. पाटण्याचा माणूस गहू घेऊन इकडे येणार नाही, आणि आला तरी 'गव्हावरच दळा हं, ज्वारीवर नको' हे सांगायला थांबणार नाही.

माझं गिऱ्हाईक मोबाइल उघडतं ते एकाच प्रश्नासाठी : आज गिरणी चालू आहे का? देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की चक्की बंद. मग सकाळी मी स्टेटसला लिहितो, 'आज वीज नाही. दळण संध्याकाळी सहानंतर.' स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसलं जातं, आणि या बातमीचं आयुष्यही तेवढंच. आपण याला 'लो एफर्ट कंटेंट' म्हणालात. एफर्ट लो आहे म्हणूनच ते अशा दर गुरुवारी न चुकता पडतं. आपण मला नाचायला लावून काढलेली रील्सची मालिका मात्र दिवाळीची गर्दी सुरू होताच बंद पडली, कारण तेव्हा नाचणारा माणूस भाजणी दळत होता.

राहिलं आपलं कॅलेंडर. गिरणीचं कॅलेंडर लोकांच्या स्वयंपाकघराने कधीच आखून दिलंय. उन्हाळ्यात वाळवणं, श्रावणात उपवासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची, थंडीत बाजरी. चकलीच्या भाजणीला तांदूळ-डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, पूर्ण गार झाल्यावरच दळायला आणायच्या, एवढं सांगणारा एक व्हिडिओ माझ्या सौभाग्यवतीने केला. गाणं नाही, दिवे नाहीत. तो दर वर्षी आश्विनात पुन्हा टाकतो, कारण भाजणी काही दर वर्षी बदलत नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचं पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतं. 'महिन्याची एकदम दळू नका, थोडी थोडी आणा' हे फळ्यावर लिहून त्याचा फोटो टाकला. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. त्याचाही फोटो आहे, चिरलेल्या भाकरीचा. आपल्या भाषेत हा 'ब्रँड इमेजला धोका' असेल. पण त्या फोटोनंतर बायका ज्वारी ताजी दळून न्यायला लागल्या, म्हणजे त्यांच्या फेऱ्या वाढल्या, म्हणजे माझा धंदा.

चक्कीच्या दगडाला टाकी लावायला कारागीर येतो, त्या दिवशी गिरणी बंदच असते. तेव्हा फोन गल्ल्याला टेकवून ठेवला. बोथट झालेल्या दगडावर छिन्नीने पुन्हा खाचा पडताना लोकांनी पाहिल्या. त्यासाठी मला वेगळं काही करावं लागलं नाही. छोट्या दुकानाला झेपेल असा कंटेंट मला एवढाच दिसतो : काम चालू असताना किंवा कामापायी बंद असताना जो आपसूक निघतो तो. ज्याच्यासाठी चक्की थांबवावी लागते, तो माझ्या कामाचा नाही.

आणखी एक. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेलं गिऱ्हाईक कित्येक टपरीवाल्यांच्या हातून एका रात्रीत सुटलं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप काही तास एकदमच झोपले. आपण मला 'सगळं इन्स्टावर हलवा' म्हणता. मी मात्र गिऱ्हाइकांचे नंबर वहीत लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवरच्या ब्रॉडकास्टचा निरोपही ज्याने माझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, म्हणून तो नंबर भिंतीवर ऑइलपेंटने रंगवला आहे. त्याला रिचार्ज लागत नाही.

भाषेबद्दलही थोडं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. आमची पाटी आजोबांच्या काळापासून मराठीत आहे, आणि तिच्याखाली आपण 'आर्टिसनल स्टोन-ग्राउंड एक्सपिरियन्स' लिहवून घेतलंत. एका आजींनी विचारलं, 'हे नवीन पीठ आलंय का? किती रुपये किलो?' या पेठांमध्ये 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी एकदा रंगवली की दुकानाच्या दोन पिढ्या तिच्यावर निघत. ज्यांनी ती लिहिली, त्यांना कुणी सल्लागार म्हटलं नाही.

तेव्हा करार इथेच थांबवू या. चालू महिन्याचे पैसे पाकिटात घालून ठेवले आहेत, येऊन न्यावेत. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिरणीवाला

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर दुकानदारांना एक विनंती. रील नंतर करा. आधी गूगलच्या नकाशावर आपलं दुकान शोधा आणि तिथली वेळ, सुट्टीचा वार आणि फोन नंबर बरोबर आहे का ते आजच बघून घ्या. चुकलं असेल तर दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत.