दहा मीटरवरून ओळख

लिफ्ट अधूनमधून रुसते, गच्ची गळते, डीम्ड कन्व्हेयन्सची फाईल कोणत्या माजी सेक्रेटरीच्या कपाटात आहे ते कुणालाच सांगता येत नाही. पण बाणेरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकावर लांब पल्ल्याचा आरएफआयडी रीडर मात्र बसला. सर्वसाधारण सभेत गच्चीवर इतकं भांडण झालं की रीडरवर भांडायला कुणात त्राणच उरलं नाही. चहा यायच्या आत ठराव मंजूर झाला.

विकायला आलेला मुलगा टाय लावून आला होता. ‘‘सर, काच खाली करायला नको, हात बाहेर काढायला नको, थांबायला नको. दहा मीटरवरून गाडी ओळखली जाईल.’’ थांबायला नको म्हटल्यावर सभा सैलावली. विद्यापीठ चौकाचा लाल दिवा जुमानत नाही अशा मंडळींना स्वतःच्या घराच्या दारात ब्रेक दाबावा लागतो, हे शल्य जुनंच होतं.

तोवर हे काम आमचे वॉचमन काका करत. काका अंबाजोगाईचे. गाडी कोपऱ्यावर वळली की हॉर्नवरून ओळखून फाटक उघडून उभे राहत. तो पल्ला पन्नासेक मीटर तरी भरेल. शिवाय गाडीत नवरा-बायकोचं भांडण चालू असेल तर सलाम न करता आकाशाकडे बघायचं, एवढी समजही त्यांना होती. पण या गोष्टी कोटेशनमध्ये लिहिता येत नाहीत.

यंत्राची हुशारी नाकारण्यात अर्थ नाही. काचेवरच्या त्या टॅगला बॅटरी नसते. फाटकावरची चपटी पेटी 865 ते 867 मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडत बसते. भारत सरकारने 2005 साली या पट्ट्याला परवान्यातून मोकळं केलं, ट्रान्समीटर 1 वॅटपर्यंत ठेवायचा या अटीवर. टॅग त्या लहरींतूनच चिमूटभर वीज घेतो आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर कळवतो. म्हणजे स्वतःकडे काही नाही, समोरच्याच्या जिवावर आपलं नाव सांगायचं. ही विद्या आमच्या कमिटीत कित्येकांना आधीपासून येत होती.

घराणंही मोठं आहे. 1945 साली मॉस्कोत सोविएत मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेली त्यांच्याच देशाची राजमुद्रा भेट दिली. राजदूताने ती कौतुकाने घरात लावली. आत बॅटरी नसलेलं एक ऐकणारं यंत्र होतं. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की जागं होऊन खोलीतलं बोलणं परत पाठवायचं. 1952 साली सापडेपर्यंत ते भिंतीवर लटकून होतं. बनवणारे लिऑन थेरेमिन, हात न लावता वाजवायच्या वाद्याचे जनक. हात न लावण्याची हौस ही इतकी जुनी. पुढे 1973 साली चार्ल्स वॉल्टन यांनी अमेरिकेत किल्लीवाचून दार उघडणाऱ्या अशाच एका युक्तीचं पेटंट मिळवलं. हेरगिरी आणि कुलूप ही दोन खानदानं आमच्या फाटकावर एकत्र नांदतात.

नांदतात म्हणजे पहिला आठवडा तसा बराच गोंधळात गेला. बी विंगच्या एका सभासदाची गाडी फाटकाच्या अगदी आत, रीडरच्या नजरेसमोर उभी असते. रीडरने तिला रात्रभर ओळखलं. ओळखलं की आडवा दांडा वर, थोड्या वेळाने खाली, पुन्हा ओळख, पुन्हा वर. पहाटेपर्यंत फाटकाने एका झोपलेल्या गाडीचं स्वागत केलं. यावर साधा उपाय असतो. फाटकापाशी जमिनीत तारेचं वेटोळं पुरतात. वर गाडीचं धूड आलं तरच रीडरने वाचायचं. ते कोटेशनमध्ये होतंही. खजिनदारांनी ‘जमिनीत पुरलेलं कुणाला दिसणार?’ असं विचारून ते खोडलं होतं आणि वाचलेल्या पैशांत रीडरखाली सोसायटीच्या नावाची पितळी पाटी बसवली होती.

मग तंत्रज्ञ आला आणि त्याने रीडरची ताकद उतरवली. आता दहा मीटरवाला रीडर दोन मीटरवर आला आणि सभासद फाटकापुढे गाडी मागे-पुढे, मागे-पुढे करू लागले. पाऊस लागला तेव्हा आणखी मजा झाली, कारण पाण्याशी या लहरींचं पटत नाही. माणसाच्या अंगाशीही पटत नाही. आपणही बरेचसे पाणीच. पायी येणाऱ्यांच्या छोट्या फाटकाला दिलेलं कार्ड खिशात ठेवलं की वाचलं जात नाही, ते अंगापासून दूर धरावं लागतं. संध्याकाळी फिरून येणारे ज्येष्ठ नागरिक हात उंच करून दारातून शिरतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पोलिसांना शरण येताहेत.

कुणीतरी विचारलं, काचेवर फास्टॅग आहेच की. 2021 च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर तो सक्तीचा आहे, जात तीच, लहरी त्याच. त्याचाच नंबर नोंदवून घेतला तर? सभेत शांतता पसरली. चांगली सूचना फुकट असली की तिच्यावर संशय येतो. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘टोल वेगळा आणि आपली सोसायटी वेगळी.’’ महिन्याचा मेंटेनन्स पाहता हा फरक मला काही दिसला नाही.

सुरक्षेचं मात्र आश्वासन पक्कं होतं: ‘मिलिटरी ग्रेड’. आमच्या पेटीपासून आतल्या डब्यापर्यंत जी तार जाते तिच्यावरून 26 बिटांचा उघडा आकडा धावतो. त्यातले सोळा बिट टॅगच्या नंबरचे, आठ जागेच्या संकेताचे, उरलेले दोन बेरीज तपासायला. गुपित एकही नाही. साध्या टॅगचा नंबर दुसऱ्या कोऱ्या टॅगवर उतरवायलाही फार विद्वत्ता लागत नाही. पण एवढे कष्ट घेतो कोण? डी विंगवाल्यांनी जुनी गाडी चाकणला विकली, टॅगसकट. नवा मालक एका रविवारी नातेवाइकांकडे आला तर दांडा आपण होऊन वर. काका धावले, ‘‘साहेब, ही गाडी आपली, पन मानूस आपलं न्हाई!’’ तोवर तो पाहुण्यांच्या जागेत गाडी लावून वर चहाला पोचला होता. काकांना मेमो मिळाला: यंत्राने प्रवेश दिलेल्या वाहनास आक्षेप घेऊ नये, दांडा वर गेला की सलाम करावा.

दुचाकींचं काही सांगत नाही. त्या दांड्याच्या कडेने जातात.

खरी अडचण ज्यांचे हात भरलेले असतात त्यांची आहे. दूधवाला दोन्ही हातांत क्रेट घेऊन येतो. सिलेंडरवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन येतो. पोळीवाल्या मावशी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री घेऊन सकाळी सातच्या आत येतात, कारण सातनंतर पाच घरं होत नाहीत. यांनी थांबायचं, ओझं खाली ठेवायचं, रजिस्टरमध्ये नाव-वेळ-सही करायची, मोबाईल अ‍ॅपवर फोटो द्यायचा, आणि वरच्या घरातलं कुणी आंघोळीतून बाहेर येऊन ‘अलाऊ’ दाबेपर्यंत उभं राहायचं. स्टिअरिंगवर बोट ठेवून, एसी लावून येणाऱ्याचे हात मात्र मोकळे राहिले पाहिजेत, त्यासाठी सिंकिंग फंड आहे.

मावशींनाही एक टॅग द्यावा, असं सभेत एका तरुण सभासदाने सुचवलं. भाड्याने राहतो, त्यामुळे त्याला सोसायटी अजून कळलेली नाही. सेक्रेटरींनी समजुतीने उत्तर दिलं, ‘‘टॅग काचेला लावायचा असतो. मावशींना काच कुठाय?’’

काचेचं दुखणं तसं चेअरमनसाहेबांनाही होतं. त्यांच्या नव्या महागड्या गाडीच्या काचेला ऊन परतवणारा धातूचा पातळ थर आहे. तो उन्हाबरोबर रीडरच्या लहरीही परतवतो. चिकटवलेला टॅग आतल्या आत मुका झाला. म्हणून साहेबांना खास लटकवायचं कार्ड मिळालं, आणि हात बाहेर न काढता येण्याच्या योजनेचे प्रणेते रोज काच खाली करून, हात लांब करून कार्ड नाचवत आत येऊ लागले. मे महिन्यात ते मुलाकडे न्यू जर्सीला गेले. गाडीवर कव्हर पडलं, कार्ड दारामागच्या खिळ्याला राहिलं. वहिनी अजून इथेच आहेत आणि त्यांना गरम पोळी वेळेवर लागते.

मावशींनी कार्ड पिशवीच्या बाहेर, बंदाला अडकवलं. अंगापासून लांब, समोर काच नाही, धातू नाही, पाणी नाही. इतकं स्वच्छ वाचन रीडरने अख्ख्या सोसायटीत कुणाचं केलं नसेल. गाडी नाही हे सांगायला जमिनीत वेटोळंही नव्हतं. मावशी फाटकापाशी आल्या की दांडा डौलात वर जातो, काका मेमोप्रमाणे कडक सलाम करतात, मावशी मान हलवून आत जातात. काकांना कुणी काही विचारलेलं नाही आणि आक्षेप घ्यायची त्यांना मनाई आहे.

परवा मासिक बैठकीत रीडरच्या नोंदींचा कागद फिरला. सगळ्या सभासदांत चेअरमनसाहेबांची नोंद सर्वांत नियमित निघाली: रोज पहाटे सहा पन्नासला आत, रविवार आणि गुढीपाडवासुद्धा न चुकता. पाडव्याला साहेब इथेच होते हे खरं, पण त्यांना नऊच्या आत उठलेलं कुणी पाहिलेलं नाही. कार्डाने तेव्हापासूनच मावशींची चाकरी धरली असणार. आजूबाजूच्या मंडळींनी या वयातल्या व्यायामाबद्दल हळहळ मिसळलेलं कौतुक केलं. अभिनंदनाचा ठराव खजिनदारांनी मांडला, सेक्रेटरींनी अनुमोदन दिलं, आणि प्रत न्यू जर्सीला व्हॉट्सअ‍ॅपने रवाना झाली. साहेबांनी हात जोडलेली चिन्हं पाठवून ठराव नम्रपणे स्वीकारला आहे.