पत्ता सांगा

रायपूरच्या तेलीबांधा तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत दोन जाती आहेत. पोट कमी करणारे, आणि ते कमी होत नाही म्हणून शेवटी पोहे खाणारे. आमचे नाना दोन्हींत बसत नाहीत. ते मान खाली घालून चालतात, मध्येच उकिडवे बसतात आणि पडलेल्या फांदीखाली दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा घालतात. कोणी विचारलंच तर म्हणतात, "दात बघतोय."

दात बुरशीचे. बहुतेक भूछत्रांच्या टोपीखाली चुण्या असतात, काहींना छिद्रं, आणि थोड्यांना चक्क खाली लोंबणारे दात. बीजाणू तिथूनच झडतात. उपटून बघितलं तर बघण्यासारखं काही उरत नाही, म्हणून हा आरसा. स्वतःची कवळी मात्र नाना घरी वाटीतच ठेवून येतात.

मग वहीत नोंद. तारीख, झाड कोणतं, फांदी जिवंत की मेलेली, पाऊस कधी पडला. नावाच्या रकान्यात बहुधा प्रश्नचिन्ह असतं, पण त्याचं त्यांना दुःख नाही. "नाव काय, कोणीही सांगेल हो. पत्ता कोण सांगणार?"

पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात बोडा नावाची अळंबी येते तेव्हा तर नानांबरोबर जाऊच नये. सुरुवातीला भाव किलोला हजाराच्या वर, गिऱ्हाइकं मातीने माखलेल्या त्या गोळ्या दाबदाबून बघताहेत, आणि नाना विचारतात, "कोन रुख तरी निकलिस, दाई?"

"सरई तरी," बाई कौतुकाने सांगते. सरई म्हणजे साल, तरी म्हणजे खाली.

"जुनी सरई की कोवळी? उतारावर की सपाटीला?"

"लेबे के नइ, बबा?"

नाना घेत नाहीत. सालाची मुळं आणि बोडा यांची आपसांत देवघेव असते, म्हणून हा माल वांग्यासारखा वाफ्यात लावता येत नाही, हे ते मला तिथेच, माझ्यामागे तिघं खोळंबलेले असताना, समजावतात.

कॅलिफोर्नियातल्या पुतणीने एकदा हौसेने फोटो पाठवला. रेडवूडच्या जंगलात दातवाली अळंबी! आमच्या तलावाकाठचा झेंडा 82 मीटर उंच. ती झाडं 115 मीटरपर्यंत जातात. पोरगी बिचारी मान वर करकरून थक्क झालेली. नानांनी फोनवर तिला खाली बघायला लावलं. "रेडवूडच्या मुळांचं हिच्याशी जमत नाही. त्यांची बुरशी वेगळी. जवळ डग्लस फर नाहीतर टॅनओक असणार. परत जा, बघ." पुतणी पुढच्या रविवारी परत गेली. टॅनओक निघाला. नानांनी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. कशाचे, ते कोणाला कळलं नाही; वॉचमनने नातू झाला असं गृहीत धरून अभिनंदन केलं.

काकू मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांना या शास्त्रातलं एकच प्रकरण ठाऊक, सात्या. वारुळातली वाळवी पोटासाठी आत बुरशी पोसते आणि पावसात तिच्याच छत्र्या बाहेर येतात, हे नानांनी त्यांना पुष्कळदा सांगितलंय. काकूंनी त्यातलं 'वारूळ' तेवढं लक्षात ठेवलं.

गेल्या श्रावणात मंदिर हसौदच्या अलीकडे एका बांधावर नानांना अशा सात्या दिसल्या. हात न लावता त्यांनी सगळं टिपून घेतलं. वळणावरचं मोहाचं झाड, तिथून पावलं, वारुळाची कोणती बाजू. पूर्ण उमललेल्या मोजायला ते दोन दिवसांनी परत गेले, तर नुसते बुडखे. नानांनी तिथेच बसून लिहिलं, 'गुरांनी खाल्ल्या असाव्यात.'

वही रोज फ्रिजवर असते. आदल्या दुपारी काकू भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून कुठेशी जाऊन आल्या होत्या, आणि रात्री नानांनी भाजी दोनदा मागून घेतली होती.