आबांचा हरिपाठ आणि इतर सूचना

आमच्या लोणंद-फलटण पट्ट्यात प्रत्येक जुन्या घरात एक आबा असतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या, आणि पाठीमागे सगळीकडे ‘म्हातारं’. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बंडीच्या आतल्या खिशात सोसायटीच्या पावत्या. डोक्यावर टोपी, ती झोपताना तरी निघते का, याबद्दल घरात दोन मतं.

आबांचा हरिपाठ मी कधी सलग ऐकला नाही. दिवेलागणीला पडवीत बसायचे, डोळे मिटायचे, एक चरण म्हणायचे आणि त्याच चालीत, त्याच पट्टीत विचारायचे, ‘म्हशीला पेंड घातली का?’ मग पुढचं चरण. मग ‘मोटर कुणी चालू ठेवलीया?’ डोळे मिटलेलेच. माझ्या धाकट्या चुलतभावाला बरीच वर्षं वाटायचं, की पेंडीचा आणि मोटरीचा उल्लेख माउलींनीच करून ठेवलाय. शाळेत त्याने हरिपाठ तसाच्या तसा म्हणून दाखवला. ही गोष्ट आबांच्या कानावर आली तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, ‘मग? म्हशीला पेंड घालाय नको?’

रिकामं बसणं हे आबांच्या लेखी एकादशीला कांदा खाण्याइतकं पाप. विसावा घ्यायचा म्हणजे वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. हा नियम पाहुण्यांनाही लागू. धाकट्या आत्याला बघायला मंडळी आली, पोहे झाले, बोलणी सुरू होणार एवढ्यात आबांनी बियाण्याच्या शेंगांचं पोतं मधोमध ओतलं आणि म्हणाले, ‘बोलता बोलता फोडू.’ मुलाचे वडील अवघडले, मामा रागावले. नवरा मुलगा मात्र मान खाली घालून शेंगा फोडत राहिला. आबांनी तिथंच होकार दिला. पत्रिका त्यांनी बघितलीच नाही. तो संसार नीट चालला हे आत्या आजही सांगते, पण शेंगा मात्र बाजारातून सोललेल्याच आणते.

वय विचाराल तर आधारकार्डावर जन्मतारीख १ जून. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची पडे. आबांचं स्वतःचं कॅलेंडर निराळं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, धाकटे काका रांगत होते. आणि बहात्तरच्या दुष्काळाचं साल तर सगळ्याच हिशेबाचं मूळ. नीरेचा पाट खालून वाहायचा आणि आबांचं रान वरच्या अंगाला. त्या दुष्काळात त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडी खाल्ली. त्यामुळे ताटात कुणी घास टाकला की ते बोलू लागत, आणि आम्ही पोरं एकमेकांना खुणावायचो, ‘बहात्तर सुरू झालं.’ कंटाळा यायचा, हे खरं. पण ताटात टाकायची हिंमतही कुणाची झाली नाही.

मात्र आबा खरे दिसायचे ते ज्येष्ठात. मृगाचा पाऊस, बाजरीची पेरणी आणि आळंदीचं प्रस्थान हे सगळं एकाच पंधरवड्यात येतं, आणि पाऊस काही दिंडीला विचारून पडत नाही. पेरणी झाली नसली तरी आबा वारी चुकवत नसत. हैबतबाबा आरफळकर आपल्या सातारा जिल्ह्याचे, पालखीला शिस्त त्यांनी लावली, मग सातारकरांनीच गैरहजर राहायचं म्हणजे काय, असा त्यांचा सवाल. ‘अन् पेरणीचं हो?’ म्हणून विचारलं, की पताका खांद्यावर टाकत म्हणायचे, ‘त्याचं तो बघंल.’ त्या एका वाक्यावर सगळी आळी भारावून जायची. खरी गोष्ट पुढे आहे. सासवडहून फोन यायचा, ‘पाऊस झाला का?’ जेजुरीहून फोन, ‘वाफसा आला का? तिफण कुणाची सांगितली?’ नीरेला पादुकांचं स्नान उरकलं की पुन्हा फोन. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलेलं, घोडा धावतोय, लाखभर लोकांचा गजर चाललाय, आणि आबा एका कानात बोट घालून पोराला विचारताहेत, ‘बी किती पडलं एकराला?’ विठ्ठलावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. पण ज्याच्यावर काम सोपवलं त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, हा त्यांचा अनुभव माणसांमधून आलेला होता. तो त्यांनी देवालाही लावला.

हे सगळं तीनेक आठवडे चालायचं, आणि तेवढे दिवस धारा, जनावरं, गडी, पावणेरावळे आजीच्या अंगावर. तिच्या पुण्याची पावती कुणी फाडली नाही. सुना हाताखाली आल्यावर ती एकदा वारीला निघाली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन अशी काही चालली, की ‘जरा दमानं’ हे शब्द आबांच्या तोंडून पहिल्यांदा त्याच वर्षी निघाले.

२०२० साली पायी वारी झाली नाही. माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ही बातमी ऐकून आबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘तिकीट कुणी काढलं?’ दुसऱ्या दिवसापासून टाळ घेऊन बांधावरून फेऱ्या सुरू. फेरीगणिक एक चिंचोका डब्यात टाकायचा. नातवाने पावलं मोजणारा मोबाईल त्यांच्या बंडीत सरकवला आणि संध्याकाळी जाहीर केलं, की आबा, चिंचोके जास्त झालेत, अंतर कमी भरतंय. आबा म्हणाले, ‘तुझं यंत्र मोटरीचं बटण दाबायला गेलेलं धरीत न्हाय का? ती बी वारीच हाय.’

आबा गेले ते भर पौषात. रानात उसाची तोड चालू होती. टोळी थांबवायची की नाही यावर भावकीत कुजबुज झाली. बारा महिने वाढवलेला ऊस तोडून वाळत ठेवायचा, आणि तोही आबांच्या नावावर, हे कुणालाच पटेना. शेवटी टाळमृदंगाच्या गजरात आबांना नेलं आणि त्याच वाटेने मागोमाग उसाचा ट्रॅक्टर कारखान्याला गेला. काही पाहुणे नाराज झाले. आबा त्यांच्यावर नाराज झाले असते.

तुमच्या घरात असं म्हातारं अजून असेल, तर त्याला जन्मसाल विचारू नका. पहिली विहीर कुणी पाडली, किती हातांवर पाणी लागलं, आणि त्या वर्षी वारी झाली का, हे विचारा. फक्त जाताना हातात निवडायला काहीतरी घेऊन बसा. रिकाम्या हाताच्या माणसाला ते उत्तर देत नाहीत.